पंचाहत्तर टक्के कशाचे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विधी शाखेच्या विद्यार्थ्यांबाबत एक महत्त्वाचा निकाल दिला. केवळ हजेरी कमी भरली या कारणावरून विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून अडवता येणार नाही, असा त्याचा गाभा. हजेरीअभावी परीक्षेला मुकलेल्या एका विधी विद्यार्थ्याने २०१६ मध्ये आत्महत्या केली होती आणि त्या घटनेतून हे प्रकरण न्यायालयापुढे आले होते. निकाल दिल्लीचा आणि विधी अभ्यासक्रमापुरता असला, तरी त्याच्या निमित्ताने आपल्याकडच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांतही किमान पंचाहत्तर टक्के हजेरी भरली तरच परीक्षेला बसू देण्याच्या अटीचा जुना वाद नव्याने पेटला. एक बाजू म्हणते की अठरा वर्षे पूर्ण झालेला, मतदान करणारा नागरिक वर्गात बसायचे की नाही हे स्वतः ठरवेल. महाविद्यालयाने परीक्षा घ्यावी आणि बाजूला व्हावे. दुसरी बाजू म्हणते की वर्ग आधीच ओस पडले आहेत, त्यात ही अटही गेली तर महाविद्यालये निव्वळ परीक्षा केंद्रे होतील. दोन्हीकडचा आवाज चढलेला आहे. ज्या विद्यार्थ्यावर या वादाचा सर्वांत जास्त परिणाम होणार आहे, तो तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात शिकणारा, घरातून पदवीपर्यंत पोहोचलेला पहिलाच मुलगा किंवा मुलगी, या वादात कुठेही दिसत नाही.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट रद्द होऊ नये. पण ती अट ज्या गृहीतकावर उभी आहे ते गृहीतक मोडीत काढले पाहिजे. प्रत्येक विद्यार्थी पूर्णवेळ विद्यार्थी आहे, त्याला शिकण्याखेरीज दुसरे काम नाही आणि सकाळी साडेसात ते दुपारी दोन हा वेळ त्याचा स्वतःचा आहे, असे आपले नियम धरून चालतात. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य महाविद्यालयांत हे आज खरे नाही. ज्या विद्यार्थ्याला सगळा भार पेलत नाही त्याला कमी विषय घेण्याची मुभा द्या, घेतलेल्या विषयांना मात्र त्याने आलेच पाहिजे असा आग्रह धरा, आणि तोच आग्रह महाविद्यालयाकडूनही धरा, एवढीच माझी मागणी आहे.

नियम काय आहे ते आधी नीट पाहू. मुंबई विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स ६०८६ नुसार विद्यार्थ्याची सर्व विषयांची मिळून सरासरी हजेरी पंचाहत्तर टक्के आणि प्रत्येक विषयात किमान पन्नास टक्के असावी लागते. इतर विद्यापीठांतही थोड्याफार फरकाने असेच आहे. आजारपण किंवा अशाच एखाद्या खऱ्या कारणासाठी सवलत देण्याची तरतूदही असते. कागदावर हा नियम अवाजवी नाही. तो व्यवहारात कसा चालतो हे पाहायचे असेल तर सत्र संपण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर उभे राहावे. सूचनाफलकावर डिफॉल्टरची यादी लागते. सगळे सत्रभर ज्याला कोणी एका शब्दाने विचारलेले नसते, त्याला त्या दिवशी पालकांना घेऊन येण्यास सांगितले जाते. रोजंदारी बुडवून आलेले वडील कार्यालयाबाहेरच्या बाकावर टोपी हातात धरून बसतात आणि हमीपत्रावर सही करतात. त्याच आठवड्यात गावातल्या दवाखान्यांतून टायफॉइड आणि काविळीची प्रमाणपत्रे बाहेर पडतात. प्रमाणपत्र खोटे आहे हे विद्यार्थ्याला, डॉक्टरला, लिपिकाला आणि प्राध्यापकाला, चौघांनाही ठाऊक असते. खरे कारण सांगितले तर ते नियमात बसत नाही, खोटे सांगितले तर बसते. मेडिकलच्या दुकानात काम करतो असे लिहून दिलेला अर्ज फेटाळला जातो आणि त्याच दुकानदाराच्या ओळखीने मिळवलेले आजारपणाचे प्रमाणपत्र मंजूर होते. जबाबदारी शिकवण्यासाठी केलेल्या नियमाने विद्यार्थी पहिली गोष्ट कोणती शिकतो, हे नियमाच्या समर्थकांनी स्वतःला विचारायला हवे.

अट रद्द करा म्हणणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. पदवी ज्ञानाची असते, हजर राहण्याची नसते. ज्याने वर्गाबाहेर राहून विषय आत्मसात केला त्याला कशाच्या आधारे अडवायचे, हा प्रश्न बिनतोड आहे. शिवाय अनेक वर्गांत जे चालते त्याला अध्यापन म्हणावे का, हाही प्रश्न आहे. वर्षानुवर्षे त्याच नोट्स उतरवून देणाऱ्या तासाला बसण्याची सक्ती कोणत्या तोंडाने करायची? या बाजूला इतिहासाचाही आधार आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ ज्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले, त्या लंडन विद्यापीठाने पुढच्याच वर्षी महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही पदवी परीक्षेला बसण्याची वाट मोकळी केली. आणि १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतिराव फुल्यांनी नेमकी हीच मागणी केली होती. प्रवेश परीक्षेला खासगी अभ्यास करून बसण्याची परवानगी विद्यापीठाने दिली आहे, तीच सवलत पुढच्या पदव्यांनाही लागू करावी. कारण अनेकांना नाना अडचणींमुळे महाविद्यालयात जाऊन शिकणे शक्य होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हजेरीच्या सक्तीविरुद्ध बोलणाऱ्याला याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही.

तरीही ही साक्ष आजच्या प्रश्नाला जशीच्या तशी लागू पडत नाही असे मला वाटते. फुल्यांच्या काळात महाविद्यालये मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांत होती आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा होती. दार जर इतके लांब असेल तर त्या दारातून आत येण्याची अट घालणे हा अन्यायच होता. आज तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे, आणि ते तिथे यावे यासाठी तीन-चार पिढ्या झिजल्या. त्या इमारतीत काय मिळते, ते घरच्या मोबाइलवर मिळते का? ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, जेवताना राजकारणावर आणि परीक्षांवर चर्चा होते, ओळखीत कोणी वकील, कोणी अभियंता आहे, त्याला वर्ग चुकला तरी फारसे बिघडत नाही. वर्गाचे काम त्याच्या घरात होत असते. ज्याच्या घरात यातले काहीच नाही त्याला अनोळखी माणसासमोर उभे राहून प्रश्न विचारणे, ग्रंथालयातून नेमके पुस्तक काढणे, प्रमाणभाषेत अर्ज लिहिणे, आपले मत चुकीचे ठरले तरी न खचणे, हे सगळे त्या वर्गातच शिकावे लागते. हे परीक्षेच्या गुणांत मोजले जात नाही, म्हणून परीक्षेपुरती पदवी ठेवली तर पहिल्यांदा हेच गळून पडते आणि नुकसान नेमके त्यांचे होते ज्यांच्या नावाने सक्ती उठवण्याची मागणी केली जाते.

मुलींच्या बाबतीत तर हजेरीची अट ही कित्येक घरांत संरक्षणाची भिंत आहे. गावाकडच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. लग्नसराई आली, घरात कोणी आजारी पडले, शेतात कापूस वेचायला माणसे कमी पडली की सर्वांत आधी मुलीचे महाविद्यालय बंद होते. अशा वेळी तिच्या हातात एकच युक्तिवाद असतो: हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. ती स्वतःसाठी मागते आहे असे न दिसता नियम तिच्या वतीने बोलतो. दुकानात किंवा पंपावर काम करणाऱ्या मुलालाही मालकाकडे दोन तासांची सुट्टी मागताना हाच नियम उपयोगी पडतो. अट ऐच्छिक केली तर तिची इच्छा चालेल की घरच्यांची? सज्ञान व्यक्तीच्या निवडस्वातंत्र्याची भाषा ज्यांच्या हाती निवड आहे त्यांनाच शोभते. विशीच्या आतल्या मुलीला घरात तेवढे स्वातंत्र्य मिळाले आहे असे गृहीत धरून धोरण आखणे म्हणजे आपल्या समाजाकडे डोळेझाक करणे आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कडक अंमलबजावणीचा आग्रह धरणारे प्राध्यापक आणि प्राचार्य हे निव्वळ शिस्तीचे भोक्ते आहेत असे मानणे अन्यायाचे होईल. साठ जणांच्या वर्गात सात जण बसलेले असतात तेव्हा त्या सात जणांचेही शिक्षण नासते. चर्चा होत नाही, गटप्रकल्प होत नाही, शिकवणाऱ्याचा उत्साह ओसरतो. नावापुरत्या प्रवेशांचा रोगही खरा आहे. खासगी क्लासशी साटेलोटे करून विद्यार्थी तिकडे आणि पट इकडे, हा प्रकार कनिष्ठ महाविद्यालयांत इतका बोकाळला की २०१८ मध्ये राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. शिष्यवृत्तीचा पैसा सार्वजनिक आहे. तो घेणारा विद्यार्थी प्रत्यक्षात शिकतो आहे की नाही हे विचारण्याचा सरकारला अधिकार आहे आणि म्हणूनच शिष्यवृत्त्यांनाही हजेरीची अट जोडलेली असते. हे सारे मान्य.

पण मग हा हिशेब दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. नव्या श्रेयांक म्हणजे क्रेडिट पद्धतीत थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास धरले आहेत. म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाला साठ तास. समजा एका महाविद्यालयात साठच्या साठ तास झाले आणि एक विद्यार्थी त्यांपैकी चाळीस तासांना आला. त्याची हजेरी सदुसष्ट टक्क्यांच्या आत, म्हणून तो डिफॉल्टर. दुसऱ्या महाविद्यालयात त्याच विषयाचे निम्मेच, म्हणजे तीस तास झाले आणि तिथला विद्यार्थी तेवीस तासांना आला. त्याची हजेरी शहात्तर टक्क्यांच्या वर, म्हणून तो नियमित. पहिल्याने दुसऱ्यापेक्षा सतरा तास जास्त शिकून घेतले आणि टर्म, म्हणजे परीक्षेला बसण्याची पात्रता, मात्र दुसऱ्याला मिळाली. टक्केवारी झालेल्या तासांवर काढायची आणि किती तास व्हायला हवे होते हे विचारायचेच नाही, अशी ही पद्धत आहे. विद्यार्थ्याची गैरहजेरी फलकावर लागते. महाविद्यालयाची गैरहजेरी कुठल्या फलकावर लागते?

ही गैरहजेरी काल्पनिक नाही. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि त्यांचा भार तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासामागे मानधन मिळणाऱ्या, शिक्षकांच्या खांद्यावर आहे. त्यांच्या नेमणुकीची मान्यता सत्र सुरू झाल्यावर कित्येक आठवड्यांनी येते. तोवर विद्यार्थी एसटीने येतात, रिकाम्या वर्गात बसतात आणि परत जातात. महिनाभर हा अनुभव घेतलेला मुलगा पुढच्या महिन्यात आला नाही तर त्याला बेजबाबदार म्हणण्याआधी दहादा विचार करावा लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांनुसार वर्षाला १८० अध्यापन दिवस व्हायला हवेत, साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायला हवे. हे आकडे नियमातच आहेत. विद्यार्थ्याच्या पंचाहत्तर टक्क्यांइतक्याच काटेकोरपणे ते कधी तपासले जातात का? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मी इथे दोष देत नाही. अत्यंत तुटपुंज्या आणि रखडणाऱ्या मानधनावर खरे तर तोच ही व्यवस्था चालवतो आहे. दोष ती व्यवस्था तशी ठेवणाऱ्यांचा आहे, आणि त्याची शिक्षा वर्गातल्या मुलाला होते आहे.

गैरहजर राहणारा कोण असतो, हेही एकदा पाहायला हवे. कट्ट्यावर वेळ काढणारे असतात, नाही असे नाही. त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण यादीत त्यांच्याच शेजारी चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या एमआयडीसीत थर्ड शिफ्ट करून पहाटे परतणारा मुलगा असतो. त्याची पाळी संपते तेव्हा पहिला तास सुरू व्हायला आलेला असतो. बीड किंवा जालन्याच्या एखाद्या गावातला मुलगा असतो. दसरा-दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले की पुढचे चार-पाच महिने म्हातारी आजी, धाकटी भावंडे आणि दोन जनावरे त्याच्यावर असतात, आणि नेमके पहिल्या सत्राचा शेवट व दुसऱ्या सत्राचा मोठा भाग याच महिन्यांत येतो. बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असलेली मुलगी असते. पदवीच्या पहिल्या वर्षी तोच पास तिला सवलतीत, पण विकत घ्यावा लागतो, आणि ज्या महिन्यात घरात पैसे नसतात त्या महिन्यात तिची हजेरी पडते. गावात मुक्कामी येणारी एसटी रद्द झाली की सकाळचे दोन तास बुडतात. ते तिच्या खात्यावर लागतात, एसटीच्या नव्हे. या सगळ्यांना एकच नियम लावणे म्हणजे समानता, असे म्हणता येईल का?

इथे इतिहासाकडे पुन्हा एकदा, जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे. ज्यांनी या राज्यात कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षण उभे केले, त्यांनी कामाचा आणि वर्गाचा हा पेच कसा सोडवला? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला त्यांनी घरी बसून शिक असे सांगितले नाही. शाळेचीच वेळ रात्रीवर नेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलांनी राबावे आणि शिकावे, आणि दोन्हींना वेळापत्रकात मानाची जागा असावी, ही त्यामागची दृष्टी होती. यांपैकी कोणीही वर्गाचे महत्त्व कमी केले नाही. विद्यार्थ्याचे काम हा अपराध आहे असेही मानले नाही. त्यांनी वेळापत्रक वाकवले. आपण त्यांच्या जयंत्या साजऱ्या करतो आणि वेळापत्रक तसेच ताठ ठेवून विद्यार्थी वाकवतो. रात्र महाविद्यालये आणि ‘कमवा आणि शिका’ योजना आजही आहेत, पण तालुक्याच्या ठिकाणी पहिल्या शोधून सापडत नाहीत, आणि दुसरीत मिळणाऱ्या दिवसाच्या दोन-तीन तासांच्या मानधनात घर चालत नाही.

आज वेळापत्रक वाकवण्याचे साधन आपल्या हातात आयते आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी क्रेडिटमध्ये मोजली जाते. मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा राहतात. आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीला साधारण १३२ क्रेडिट, म्हणजे दर सत्राला बावीस लागतात. बावीस क्रेडिट म्हणजे आठवड्याला किमान बावीस तास. प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला दुप्पट तास लागत असल्याने विज्ञान शाखेत त्याहून बरेच जास्त. थर्ड शिफ्ट करणाऱ्या मुलाला हे झेपणार नाही, हे जुलैतच स्पष्ट असते. मग जुलैतच त्याला विचारू या: तू यंदा किती घेऊ शकतोस? दर सत्राला तेरा-चौदा क्रेडिट घेतली तर पदवीला पाच वर्षे लागतील. मधेच शिक्षण सोडून परतणाऱ्यासाठी धोरणाने पदवी पूर्ण करण्याची मुदत सात वर्षांची ठेवली आहे. पाच वर्षे त्या मुदतीच्या आतच बसतात. तेरा क्रेडिटच्या त्या तीन-चार विषयांना मात्र त्याने पंचाहत्तर टक्के आलेच पाहिजे, आणि तिथे सबब ऐकली जाऊ नये. खोट्या टायफॉइडची गरज उरणार नाही, कारण खरे कारण आधीच अर्जावर लिहिलेले असेल.

धोरणातच ‘बाहेर पडा आणि परत या’ ही सोय असताना वेगळे काय हवे, असे कोणी म्हणेल. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुढे परतता येते, हे खरे. पण गरिबाच्या घरातून एकदा महाविद्यालयाबाहेर पडलेला मुलगा किती वेळा परततो? मुलगी तर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असते. सोडून जाण्याच्या सोयीपेक्षा ‘कमी घे, पण येत राहा’ ही सोय कितीतरी मोलाची आहे. यूजीसीने २०२४ च्या अखेरीस पदवीचा कालावधी वाढवून घेण्याची मुभा देऊन या दिशेने एक पाऊल टाकले आहे. मात्र ती वाढ जास्तीत जास्त दोन सत्रांची आहे; म्हणजे दर सत्राचा भार बावीसवरून साडेसोळावर येतो, त्याखाली नाही. शिवाय माझ्या पाहण्यात आलेल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर या पर्यायाचा रकाना नाही. जो पर्याय अर्जावर नाही तो पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासाठी अस्तित्वातच नसतो.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट येथे पहिले सार्वजनिक कॉलेज या धर्तीवर निघाले आणि पुढे ही कॉलेजे नोकरदार, स्थलांतरित, मुले सांभाळणाऱ्या आया अशा साऱ्यांची झाली. तिथले निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ असतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तिथेही हजेरीचे नियम आहेत, कित्येकदा आपल्यापेक्षा कडक. पण ते पहिल्याच दिवशी लेखी हातात पडतात. किती तास बुडले तर काय होईल, काम उशिरा दिले तर किती गुण जातील, शिक्षक कोणत्या वेळी भेटेल आणि कोणत्या तारखेपर्यंत नापासाचा शिक्का न बसता विषय सोडता येईल, हे सारे त्या चार पानांत असते. त्या व्यवस्थेत पदवीपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे हेही सांगितले पाहिजे. ती काही आदर्श नव्हे. पण विद्यार्थ्याकडून जबाबदारीची अपेक्षा करायची तर त्याला आधी सगळे नियम आणि पर्याय सांगावे लागतात, एवढे तिच्याकडून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे यूजीसीने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पण तिचा भर कौशल्य अभ्यासक्रमांवर राहिला. अर्धवेळ विद्यार्थी ही कल्पना नेहमीच्या पदवीपर्यंत पोहोचली नाही.

माझ्या प्रस्तावावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मुक्त विद्यापीठाने गृहिणी, कामगार, पोलीस शिपाई अशा असंख्य लोकांना पदवी दिली आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ज्याला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभे राहायचे आहे, ज्याला आठवड्यातले तीन दिवस येता येते आणि यायची इच्छा आहे, त्याला सहा दिवस जमत नाहीत म्हणून वर्गाबाहेर काढायचे कशासाठी? दुसरा आक्षेप असा की अर्धवेळ विद्यार्थी हा दुय्यम दर्जाचा ठरेल. तो ठरेल, जर गुणपत्रिकेवर तसा शिक्का मारला तर. विषय तेच, शिक्षक तेच, वर्ग तोच, परीक्षा तीच; फक्त वर्षे जास्त. वेगळी तुकडी काढायची नाही आणि पदवीवर वेगळा उल्लेख करायचा नाही, हे नियमातच लिहावे लागेल.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि तो माझ्याच आधीच्या युक्तिवादातून निघतो. अर्धवेळचा पर्याय आला की घरचे मुलीला तोच घ्यायला लावतील: तीन दिवस कॉलेज, तीन दिवस घरकाम. ही भीती खरी आहे आणि ती पूर्णपणे घालवण्याचा उपाय माझ्याकडे नाही. ती कमी करता येईल. प्रवेश आपोआप पूर्णवेळच व्हावा; भार कमी करण्याचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतः, पालक समोर नसताना, एखाद्या प्राध्यापकाशी बोलून करावा; आणि पुढच्या प्रत्येक सत्राला तो नव्याने करावा लागावा. एवढे करूनही काही घरांत अन्याय होईल. पण आजच्या व्यवस्थेत त्याच मुलीचे नाव डिफॉल्टरच्या यादीत लागते, तिची टर्म जाते आणि ‘नाहीतरी नापासच झाली’ म्हणून तिचे शिक्षण कायमचे थांबते. तीन दिवस सक्तीने येणारी मुलगी आणि एकही दिवस न येणारी मुलगी, यांत निवड करायची असेल तर मी पहिलीच्या बाजूने आहे.

यात विद्यार्थ्याची सुटका कुठेच नाही, हे मुद्दाम सांगतो. आपण काय करतो, किती तास करतो हे त्याने प्रवेशाच्या वेळी खरे सांगायचे. अडचण आली तर सत्र संपायची वाट न पाहता त्याच महिन्यात कळवायचे. घेतलेल्या विषयाला यायचे आणि तयारी करून यायचे. हे न करणाऱ्याला परीक्षेला बसू देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. महाविद्यालयाने प्रत्येक विषयाचे ठरलेले तास किती आणि झालेले किती हे दर महिन्याच्या अखेरीस त्याच सूचनाफलकावर लावायचे, आणि ठरलेल्या तासांपैकी पंचाहत्तर टक्के झाले नसतील तर त्या विषयात कोणाचीही टर्म अडवायची नाही. हजेरी पडू लागली की पहिल्या महिन्यातच विचारपूस करायची.

यातले फलकाचे काम कोणताही प्राचार्य येत्या जूनपासून करू शकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. बाकीचे त्याच्या हातात नाही. बहुतेक शिष्यवृत्त्या पूर्णवेळ विद्यार्थी गृहीत धरून आखलेल्या आहेत, आणि कमी भार घेतल्याबरोबर शिष्यवृत्ती व वसतिगृह दोन्ही जाणार असतील तर कोणीही कमी भार घेणार नाही. तेव्हा घेतलेल्या क्रेडिटच्या प्रमाणात शिष्यवृत्ती मिळावी आणि तिची वर्षेही त्या प्रमाणात वाढावीत, हा निर्णय मंत्रालयातून यावा लागेल. अर्धवेळ नोंदणीचा नियम विद्यापीठांच्या विद्या परिषदांना करावा लागेल, आणि शिक्षकांची पदे मोजताना हे विद्यार्थी धरले जातील याची हमी उच्च शिक्षण संचालनालयाला द्यावी लागेल. नाहीतर महाविद्यालये त्यांना प्रवेश द्यायला कां-कूं करतील. विद्या परिषदेत प्राध्यापकांचे प्रतिनिधी बसतात. हजेरी कडक करा अशी मागणी ज्या संघटना करतात, त्यांनी आपल्या पुढच्या निवेदनात या तीन गोष्टींचीही मागणी करावी.